रविवारची भूक

आमच्या साडूंइतका प्रथिनांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण सुटला तो फक्त शाळेतला वर्ग. लग्नाच्या पंगतीत वरणवाला जवळून गेला की त्याचा हातच धरतात. "पावणं, घाला की अजून! भातात लायसीन कमी पडतंय, डाळीत भरपूर हाय." मिसळीच्या दुकानात सारं गिऱ्हाईक तर्रीसाठी ओरडत असतं, हे मटकीला मोड किती आलेत ते बघत बसतात. एकदा मी तापानं पडलो होतो. भेटायला म्हणून आले आणि लायसीन, मेथिओनिन वगैरे, अन्नातूनच मिळवावी लागतात अशा प्रथिनांतल्या नऊ अमिनो आम्लांची नावं म्हणून दाखवायला लागले. सातव्यापर्यंत मला झोप लागली.

गेल्या वर्षी गावाकडं, नेसरीत, सासूबाई अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर त्यांना शाहूपुरीत साडूंच्या घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, "खाल्लं नाही तर स्नायू झडतील. मग उठणं अवघड." आणि सासूबाई तर अर्ध्या भाकरीवर हात धुवायच्या, पाणीसुद्धा घोटभर. अक्का पतसंस्थेत नोकरीला, म्हणून दिवसाचा सगळा कारभार साडूंवर. आयुष्यभर परीक्षानळीखेरीज काही न तापवलेला हा माणूस हट्टानं पिठलं, मुगाचं धिरडं, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करायला शिकला.

"आई, एवढं खावाच. अमिनो अ‍ॅसिड हाय ह्यात."

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "अ‍ॅसिड? आधीच पित्तानं जीव चाललाय, जावईबापू! वर आणि हे?"

साडू हटले नाहीत. त्या रोज काय आणि किती खातात ते एका वहीत लिहायला लागले. तिसऱ्या आठवड्यात मला बोलावून वही पुढं केली. "हे बघा. सोमवार ते शनिवार अर्धी भाकरी. रविवारी दीड, वर वाटीभर वरण. भाकरी तीच, डाळ तीच. मग बदललं काय?"

"रविवारी अक्का घरात असतात," मी म्हणालो.

साडूंनी वही मिटली. मग कपाळावर हात मारून घेतला. "खाल्लं की संडासला न्यावं लागणार, आणि न्यायला घरात मी एकटा! सासूनं जावयाला कसं सांगायचं वो हे? माउली उपाशी ऱ्हायली, आणि मी मेथिओनिन हुडकत बसलोय!"

सोमवारी उजाडताच रिक्षातून कमोडची खुर्ची आली. पलीकडच्या गल्लीतल्या एका भाभींना दिवसभर सोबतीला यायला राजी केलं. मग दारातूनच म्हणाले, "आई, मी गॅलरीत हाय. हाक मारल्याबिगर आत येणार न्हाय."

 त्या दुपारी पिठल्याचं पातेलं रिकामं झालं.

चौथ्या महिन्यात त्या काठी टेकत नेसरीच्या एसटीपाशी उभ्या राहिल्या. साडूंनी हात पुढं केला. तो न घेता, दांडीला धरून त्या एकट्या वर चढल्या. खिडकीतून म्हणाल्या, "तुम्हीच किती वाळलाय, बघा जरा स्वतःकडं."

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी साडू तिथंच.

"चला," मी म्हणालो.

"चला की," म्हणाले, पण हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आता दुपारच्याला, ‘आई, जेवलासा का?’ म्हणून कुणाला इचारायचं वो?"