जळालेल्या नावेतली वायर

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत, पण दिवस मावळायच्या सुमारास नर्मदेच्या मध्यावर पेटलेली ती नाव अजून डोळ्यांसमोर उभी राहते. तेव्हा मी जबलपूरला घाटालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आरतीची गर्दी जमायला लागली होती आणि माझी माणसं घाटावर दोर बांधत होती. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. पलीकडच्या काठावरून रिकामी परत येत असलेल्या एका मोटारबोटीच्या मागच्या भागातून काळा धूर निघत होता. पाहता पाहता ज्वाळा आल्या. नाव चालवणारा माणूस पाण्यात पडला. बाकीच्या नावाड्यांनी त्याला बाहेर काढलं, पण तो फार भाजला होता. दवाखान्याच्या वाटेवरच, एक शब्द न बोलता, तो गेला.

आकस्मिक मृत्यूचा मर्ग दाखल झाला. दुसऱ्या दिवशी अर्धी जळालेली नाव काठावर ओढून आम्ही पंचनामा केला. नाव छोटी, फायबरची. दिवे, पाणी उपसायचा पंप आणि भजनांसाठी स्पीकर, हे सगळं बॅटरीवर. तळात पाणी साचलं होतं, त्यामुळे वायरचा एक तुकडा जळायचा वाचला होता. तो आणि त्याच्याजवळचा वितळलेला पेट्रोलचा डबा आम्ही जप्त केला.

मेलेला माणूस नावेचा नेहमीचा चालक नव्हता. नाव त्याच्या धाकट्या भावाची होती आणि रोज तोच ती चालवायचा. त्या दिवशी मात्र तो कुंडमला नात्यातल्या लग्नाला गेला होता, म्हणून थोरला नावेवर बसला. हे कळल्यावर माझ्या मनात दोन शंका एकदम आल्या. एक, धाकट्याने नेमका त्याच दिवशी गाव का सोडलं? दुसरी, कोणाला धाकट्यालाच मारायचं होतं आणि थोरला मधे सापडला का? पोलिसाने दोन्ही दारं उघडी ठेवायची असतात.

दुसरं दार एका फोनने उघडलं. ठाण्याचा फोन मी स्वतः उचलला होता. बाईचा आवाज होता, तरुण, घाबरलेला.

"नाव जली नहीं, जलाई गई है. रांझी में नाववाले का ससुर रहता है. नाव की सारी वायरिंग उसी ने की थी. उससे पूछिए."

"आप कौन बोल रही हैं?"

"उन्होंने कहा था, ये नाव एक दिन उसे लेके डूबेगी." आवाज भरून आला आणि भाषा बदलली. "बाबा असं करतील असं..." आणि फोन बंद झाला.

ठाण्यात मराठी कळणारा मी एकटाच होतो. फोन कोणाचा असावा हे मला कळलं, पण कागदावर मी फक्त 'अज्ञात महिला' एवढंच लिहिलं.

धाकट्याच्या सासऱ्याची माहिती काढली. विदर्भातून आलेलं मराठी कुटुंब. तो रांझीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेला, विधुर, मुलगी एकुलती एक. मुलीने घाटावरच्या नावाड्याशी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं. बापाने बरेच दिवस तोंड पाहिलं नाही. मग नातू झाला आणि येणं-जाणं सुरू झालं. जावयाने नाव घेतली तेव्हा त्यातली वायरिंग सासऱ्याने आपणहून करून दिली. संशयाला याहून काय हवं? ज्याला वायरिंग सुरक्षित करता येते, त्याला ती धोक्याची करणंही जमतंच. घाटावर कुजबूज सुरू झालीच होती. नावाड्यांची पोरं रांझीला जाऊन म्हाताऱ्याला धरून आणायची भाषा करत होती.

मीच त्याला बोलावून घेतलं. सकाळची वेळ होती. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, अंगाने बारीक असा माणूस माझ्या टेबलासमोर ताठ बसला. मी मराठीत बोललो तेव्हा त्याला जरा नवल वाटलं.

"नावेत वायर तुम्ही टाकली?"

"हो साहेब. मीच टाकली. काहून?"

"कोणती?"

तो खुर्चीत पुढे सरकला. अशा वेळी माणूस जपून बोलतो. हा मात्र घडाघडा बोलायला लागला. "नावेले घरची वायर चालत नाही साहेब. इंजिन दिवसभर थरथरते, तर एकतारी वायर मोडून जाते आतल्या आत. म्हणून खूप बारीक तारांची घेतली. तांब्याची, पण वरून टिन चढवलेली. साधं तांबं ओलीत काळं पडते. अन् बॅटरी बारा व्होल्टची, तर करंट जास्त ओढते, म्हणून जाड घेतली. फ्यूज बॅटरीच्या एकदम जवळ. वायर पाइपातून नेली, अन् तळात पाणी राहते तिथं एकही जोड नाही. पेट्रोलच्या बाजूले तर काहीच नाही."

"इतकी काळजी?"

"पोरीचं घर त्या नावेवर चालते ना."

मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, "ही नाव एक दिवस त्याला घेऊन बुडेल, असं कोण म्हणालं होतं?"

त्याने झटकन वर पाहिलं. नंतर मान खाली घालून म्हणाला, "म्हणालो होतो. रागात."

"कोणासमोर?"

त्याने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मी ड्रॉवरमधून जप्तीचं पाकीट काढलं आणि तुकडा टेबलावर ठेवला. अॅल्युमिनियमची जाड एकच तार, खांबावरून घरात लाइन आणायला वापरतात तसली. तिच्या टोकाला तांब्याची वायर नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळलेली.

"तुम्ही सांगता ती वायर ही नव्हे."

त्याने चष्मा पुसला आणि तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, आता हा म्हणेल, ही माझी नाही. मी त्याचीच वाट पाहत होतो. पण त्याने तुकडा परत टेबलावर ठेवला. हवालदाराने चहा आणला, तो तसाच निवला.

मग तो म्हणाला, "लिहून घ्या साहेब. मीच टाकली."

"आत्ता तर टिनची म्हणालात."

"खोटं बोललो. हीच टाकली. जावई मले आवडत नव्हता."

बाजूला उभा असलेला हवालदार माझ्याकडे पाहून हसला. त्याच्या दृष्टीने केस संपली होती. मला ते पटेना. गुन्हा केलेला माणूस कबुलीपर्यंत पायरी पायरीने येतो. आधी थोडं मान्य करतो, दुसऱ्याचं नाव घेतो, शिक्षा किती होईल ते विचारतो. या माणसाने एका उडीत सगळं अंगावर घेतलं होतं, आणि वर काहीच विचारलं नव्हतं.

"बरं," मी म्हणालो, "हा जोड नावेत कुठे दिला होता?"

"पुढं. स्विचच्या खाली."

जोड मागच्या बाजूला सापडला होता, पेट्रोलच्या डब्याला लागून.

मी हवालदाराला दुकानातून वायरचे दोन तुकडे, टेप आणि पक्कड आणायला सांगितलं. म्हाताऱ्यासमोर ते ठेवून म्हणालो, "नावेत दिला तसाच जोड द्या." त्याने तुकडे हातात घेतले. एक तांब्याचा, दुसरा अॅल्युमिनियमचा; हे दोन नुसते पिळून जोडले की जोड तापतो. तांब्याचं टोक सोललं, अॅल्युमिनियमचं सोललं, दोन्ही एकमेकांजवळ आणली आणि थांबला. पुन्हा जवळ आणली. शेवटी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवून दिले.

"हात बधिर झाले आज," तो म्हणाला.

मी कबुली नोंदवली नाही. त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं, कारण बाहेर सोडला असता तर घाटावरच्या पोरांनी त्याचं काय केलं असतं, सांगता येत नाही.

दुपारी मी पुन्हा नावेपाशी गेलो. या वेळी काय जळालं ते न पाहता काय जळालं नाही ते पाहिलं. पुढच्या फळीखाली प्लास्टिकचा पाइप अर्धा शाबूत होता. त्यात वायरचं एक टोक अडकलेलं. ओढून पाहिलं तर येईना. पाइप कापला. आत बारीक बारीक तारांची जाड वायर होती, तारा चांदीसारख्या पांढऱ्या. तिचं टोक जळालेलं नव्हतं, पकडीने कापलेलं होतं. म्हणजे म्हाताऱ्याचं पहिलं बोलणं खरं होतं. त्याची वायर कोणीतरी उपसून काढली होती, आणि जिथे निघाली नाही तिथे कापली होती. बॅटरीजवळ फ्यूजची डबीही सापडली, पण तिच्याकडे एकही वायर जात नव्हती.

मग कोणी? नाव रोज रात्री साखळीने बांधून ठेवलेली असायची आणि किल्ली घरात असायची.

मी धाकट्या भावाच्या घरी गेलो. घरात सुतक होतं. बाहेर माणसं बसली होती. म्हाताऱ्याच्या मुलीचा जबाब घ्यायचा म्हणून तिला मागच्या नव्या खोलीत बोलावलं. खोली नुकतीच बांधलेली, भिंतींना गिलावाही झाला नव्हता. ती तान्ह्या मुलाला घेऊन उभी राहिली. मी मराठीत बोलतो आहे हे पाहून ती आणखी बिचकली.

"बाबांना सोडलं का सर?"

"ते कबूल झाले आहेत."

ती भिंतीला टेकली. रडली नाही. "मला वाटलंच होतं," एवढंच म्हणाली.

"का वाटलं?"

"हे म्हणाले ना. आग लागली त्याच दिवशी रात्री कुंडमहून आले आणि म्हणाले, तुम्हारे बाप ने ही किया है. मी म्हटलं, बाबा असं नाही करणार. तर म्हणाले, सोच लो, निशाना तो मैं था. मग मला ते बाबांचं बोलणं आठवलं..."

ती बोलत होती आणि माझं लक्ष तिच्या डोक्यावरून वर गेलं होतं. बाहेरच्या खांबावरून खोलीत लाइन आली होती आणि भिंतीवर खिळे मारून वायर बल्बपर्यंत नेली होती. काळी, जाड, अॅल्युमिनियमची. बल्बच्या वर तांब्याच्या वायरशी जोड होता, नुसता पिळलेला, वर टेप. टेप गुंडाळायची पद्धतही तीच, शेवटचं टोक उलटं दुमडलेलं.

तिने माझ्या नजरेचा रोख पाहिला आणि मागे वळून वर पाहिलं.

"ही वायर कोणी जोडली?" मी विचारलं.

"यांनीच." मग हळू आवाजात म्हणाली, "उरली होती थोडी. नावेसाठी घेऊन जातो म्हणाले होते."

मुलाला तिने दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती वर पाहत तशीच उभी राहिली.

जावयाला ठाण्यात आणलं. तो सुरुवातीला सासऱ्यावरच घसरला. मी पांढऱ्या तारांचा कापलेला तुकडा आणि तो काळा जोड शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणालो, "तेरे घर का बल्ब देखके आया हूँ." मग तो कोसळला. आरतीच्या वेळी प्रवासी सजवलेल्या नावेत आधी बसतात, म्हणून त्याने दिव्यांच्या माळा वाढवल्या, मोठा स्पीकर लावला. फ्यूज सारखा उडायला लागला. सासऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, फ्यूज आपलं काम करतो आहे, तू माळा काढ. त्यावरून दोघांचं वाजलं, आणि नाव बुडण्याचं ते बोलणं त्याच दिवशीचं. जावयाने इरेला पेटून सासऱ्याची वायर काढून फेकली आणि बॅटरीपासून थेट घरची वायर ओढली. मधे फ्यूज नाहीच.

"मारना नहीं चाहता था साहब. सगा भाई था."

हे मला खरं वाटलं. कुंडमचं लग्नही खरं निघालं. निष्काळजीपणाने मृत्यू, असा गुन्हा दाखल झाला. प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला, ठिणगी त्या जोडातूनच उडाली होती. खटला चालला आणि त्याला शिक्षा झाली. पण भाऊ गेला त्याच रात्री त्याने बायकोच्या मनात तिच्या बापाविषयी जे पेरलं, त्याला कायद्यात कलम नव्हतं.

म्हाताऱ्याला सोडताना मी विचारलं, "वायर पाहताच तुम्हाला कळलं होतं ना, कोणाचं काम आहे ते?"

"हो."

"मग अंगावर काहून घेतलं?"

"पोर तान्हं आहे तिचं," तो म्हणाला. "अन् तिच्या मनात मी तसाही गुन्हेगार झालो होतो. म्हटलं चलो, एकच माणूस जाऊ दे."

त्याने छत्री उचलली आणि रांझीची बस धरायला निघून गेला.

पुढे केव्हातरी मुलगी ठाण्यात आली, एकटीच. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "सर, त्या फोनची नोंद असेल ना? ती काढता येईल का?"

मी तिला सांगितलं की नोंदीत नाव नाही, फक्त अज्ञात महिला असं आहे, आणि मी कोणालाही काही बोललेलो नाही.

"मग बाबांना कसं माहीत?" ती म्हणाली. "मी रांझीला गेले होते. त्यांनी दार उघडलं, बाळाला घेतलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, फोनचं मनात ठेवू नको."

नाव बुडण्याचं ते वाक्य त्याने फक्त मुलीसमोर काढलं असणार, आणि ठाण्यात ते त्याला मीच ऐकवलं होतं. मी हवालदाराला पाणी आणायला सांगितलं.

त्या केसनंतर मी नव्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगत आलो. नकारावर आपण सगळेच संशय घेतो, तेवढाच संशय कबुलीवरही घ्या. माणूस कबूल झाला की ठाण्यात सगळ्यांना हायसं वाटतं, चहा मागवला जातो, कागद पुढे सरकतात. त्या वेळी जरा थांबून त्याला विचारा, कसं केलंस ते करून दाखव. ज्याने आयुष्यभर जोड नीट दिला, त्याला चुकीचा जोड देऊन दाखवणंही जमत नाही. दोन तुकडे जवळ आणून थांबलेले त्याचे हात मी पाहिले नसते, तर हवालदाराच्या हसण्यावर विश्वास ठेवून मीही सही करून मोकळा झालो असतो.