तिसरा पट्टा

प्रतीक्षा आमच्या ऑफिसात आली तेव्हा मला ती अजिबात आवडली नव्हती. खरं ते सांगते. बुलढाण्यात दोन खोल्यांचं आमचं ऑफिस, पुण्याच्या कंपन्यांची कॉम्प्युटरवरची मॉडेलं तपासून द्यायचं काम. धाड गावच्या भाजीवाल्या शेतकऱ्याची ही पोरगी. रोज एसटीनं यायची आणि मला लागतो त्याच्या दुप्पट वेळ एका मॉडेलला लावायची. मी म्हणायचे, बाई, काम उरकायचं असतं, पूजा मांडायची नसते. ती हसायची आणि परत तेच करायची.

काम काय ते सांगते. पत्र्याची वस्तू कॉम्प्युटरवर काढताना पत्र्याची जाडी काढत नाहीत. नुसता पृष्ठभाग काढायचा, त्याचे जाळीसारखे बारीक चौकोन पाडायचे आणि जाडी प्रत्येकाला आकड्यात सांगायची. शेल एलिमेंट म्हणतात त्या चौकोनांना. पातळ पत्रा काय आणि जाड काय, दिसायला दोन्ही सारखेच. आकडा चुकला तर मशीन निमूटपणे चुकीचंच गणित करतं आणि वर हिरवागार निकाल दाखवतं. म्हणून जाडी तपासायला माणूस लागतो.

मी जाडीनुसार रंग लावून बघायचे, रंग बरोबर दिसले की पुढे. प्रतीक्षाचं तसं नव्हतं. ती एकेक भाग लपवायची. लपवला की तिथं मोकळी जागा दिसली पाहिजे, पलीकडचं दिसलं पाहिजे. मग तो भाग परत आणायचा आणि पुढचा लपवायचा. बिनजाडीच्या पत्र्याची तिला भीती वाटायची म्हणे, तो आहे की नाही तेच कळत नाही. मी कपाळावर हात मारून घेतला होता.

मक्याच्या हंगामात एका सायलोचं मॉडेल आलं. सायलो म्हणजे धान्य साठवायची पत्र्याची उंच, गोल कोठी. पत्र्याचे पट्टे एकावर एक जोडत वर नेतात. हा सायलो पिंपळगाव राजाकडं कधीचाच उभा होता. कंपनीला तसाच दुसरा बांधायचा होता, म्हणून जुनं मॉडेल तपासायला पाठवलेलं. प्रतीक्षाचा मोठा भाऊ राम तिथंच कामाला. पोरगी काय खूश झाली! दादा रोज ज्याच्या पायथ्याशी उभा राहतो तो सायलो मी इथं बसून बोटानं फिरवते, म्हणाली.

दुपारी तिनं मला हाक मारली. आवाज वेगळाच होता. तिनं तिसरा पट्टा लपवला होता आणि पट्टा जागेवरच होता. मी चिडून माऊस हातात घेतला, दोनचारदा दाबलं. लपवला तरी तो तिथंच. बाहेर लख्ख ऊन, डोक्यावर पंखा गरगरतोय, आणि माझ्या अंगावर काटा आला. माणसानं खोलीतून उठून जावं आणि तरी तो खुर्चीत बसलेला दिसावा, तसं झालं मला.

कारण सापडलं. मॉडेल बनवताना कुणीतरी तो पट्टा कॉपी केला होता आणि मूळचा काढायचा राहून गेला होता. एकाच जागी, तंतोतंत एकमेकांत, दोन पत्रे. रंग तोच, आकडा तोच, डोळ्याला एकच. गणितात मात्र दोघांची ताकद धरली गेली आणि सायलो पास झाला. प्रत्यक्षात उभा होता तो एकेरी पत्रा.

मी म्हटलं, चल, मेल टाकू कंपनीला. ती ऐकतच नव्हती. पांढरीफटक पडली होती. तेव्हा तिनं मला बाबाचं सांगितलं.

राम घरी सांगायचा, सायलोत आतून कुणीतरी ठोकतं. तळाचं गेट उघडून मका काढायला घेतला की आतून टक, टक. बांधकामाच्या वेळी कुणी मजूर वरून पडून गेला होता, तोच असणार, असं सगळे धरून चालायचे. त्याला बाबा म्हणायचे. बाबा वाईट नाही, नुसता बोलावतो. म्हणून तिथं रीतच पडली होती. आवाज आला की गेट बंद करायचं, आणि सगळ्यांत जुने कामगार कारभारीकाका टोपी काढून पत्र्यावर तळहाताची थाप द्यायचे. हा बाबाला जवाब. जवाब दिला की बाबा गप्प व्हायचा. गेट बंद झालं की आतला मका सरकायचा थांबतो, म्हणून पत्र्यावरचा ताण बदलतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मान दिला म्हणून तो थांबला, एवढंच त्यांना दिसलं.

प्रतीक्षानं रामला फोन लावला, स्पीकरवर. एवढंच विचारलं, आवाज कोणत्या पट्ट्यातून येतो.

"खालून तिसऱ्या," राम म्हणाला. "आज तं लय करून राह्यला. भरणं चालू हाय, गेट बंदच हाय, तरी थांबत नाई. कारभारीकाकानं दोनदा जवाब देल्ला."

फोनमधून आम्हाला तो ऐकू आला. टक. मग थोडं थांबून, टक. बुलढाण्याच्या त्या खोलीत बसून मी तो ऐकला, आणि आता कुणी दार वाजवलं तरी मला तोच ऐकू येतो.

"दादा, तो बाबा नाई. पत्रा फाटाले आला. सगळ्यायले घेऊन रोडवर जाय."

राम कुरकुरला. मुकादम कामावरून काढील, मक्याच्या गाड्या उभ्या आहेत, असलं काहीबाही. ती ओरडली नाही, रडली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "मी आजवर काही मांगितलं का तुले?"

मग त्यानं माणसांना हाका मारलेल्या ऐकू आल्या, मका वर नेणाऱ्या यंत्राची घरघर बंद पडली, पावलं, आणि शेवटी गाड्यांचे हॉर्न. रोडवर आलो, म्हणाला. प्रतीक्षा हसली. एवढी मोकळी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मीही हसले, तिचा हात धरून.

तेवढ्यात राम म्हणाला, कारभारीकाका कुठं गेले.

ते मागं फिरले होते. रामच्या हाका आम्हाला ऐकू येत होत्या, एकामागून एक. काकांनी तिथूनच ओरडून दिलेलं उत्तर त्यानं नंतर सांगितलं. "बाबा इतक्यांदा बोलावून राह्यले, नाई गेलो तं बरं दिसत नाई." त्यांनी टोपी काढली आणि पत्र्यावर हात ठेवला. तिसरा पट्टा पोटासारखा पुढं आला आणि उभा फाटला. दिवस मावळेपर्यंत लोक मका उपसत होते.

मला अजून राग येतो. कॉपी करणाऱ्याचा येतो, ते पास करणाऱ्याचा येतो. गेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण मला त्या म्हाताऱ्याचाही येतो.

प्रतीक्षानं कंपनीला जे झालं ते जसंच्या तसं लिहून पाठवलं, एक शब्द मऊ केला नाही. मग रामला घेऊन ती काकांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं, तानुबाईनं, पहिलं तेच विचारलं. आत खरंच कोणी होतं का? प्रतीक्षा सगळं समजावून सांगायचं ठरवून गेली होती, पत्रा, गेट, सरकणारा मका. बाईचं तोंड बघून तिला ते जमलं नाही. होतं, काकू, म्हणाली.

तानुबाई म्हणाल्या, "यायनं इतकी वर्सं त्याले जवाब देल्ला. मंग त्यानं यायले एकडाव तरी सांगा लागत होतं ना, बाहेर निंगा म्हणून?"

प्रतीक्षा तशीच उठून आली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं कॉम्प्युटर चालूच केला नाही. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि हे सगळं सांगितलं.

"ताई," ती म्हणाली, "तो तं रोजच सांगून राह्यला होता."