राधिकाबाईंचा फोटो

देवेंद्र घाडींना कुठल्याही शहरात मागच्या बाजूने शिरायची सवय होती. जयपूरला गेले ते राजवाडा सोडून रंगाऱ्यांच्या गल्लीत, काशीला गेले ते घाट सोडून घाटाकडे न जाणाऱ्या बोळात. "एवढ्या लांब येऊन बोळच बघायचे होते, तर विरारात काय कमी होते?" असं राधिकाबाई दर प्रवासात म्हणत, आणि दर प्रवासात नवऱ्याच्या आधी चपला घालून दारात उभ्या असत.

घाडी विमा कचेरीतून निवृत्त झालेले. विरारला फ्लॅट, मुलगी उन्नती पुण्याला नोकरीत. कॅमेरा हा त्यांचा एकुलता एक शौक. मोठी सुट्टी मिळाली की परगावचं एखादं शहर, नाहीतर रविवारी वसई, माणिकपूर, भुईगाव. डोंगर, सूर्यास्त, देवळांचे कळस यांत त्यांना रस नव्हता. त्यांना माणसं लागत, त्यातही म्हातारी माणसं.

आणि माणसांचे फोटो त्यांना खरंच छान जमत. त्याचं कारण त्यांना वाटे तसं त्यांचा हात हे नव्हतं, राधिकाबाई हे होतं. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई ती. परक्या ओट्यावर बिनदिक्कत बसकण मारायची आणि तिथल्या म्हातारीला विचारायची, "माहेर कुठलं हो तुमचं?" काशीत हिंदीतून, अहमदाबादेत मोडक्यातोडक्या गुजरातीतून, पण प्रश्न तोच. माहेर म्हटल्याबरोबर समोरचा चेहरा उजळायचा, आणि बाजूला टपून बसलेले घाडी बटण दाबायचे. मग कौतुक घाडींचं, आणि राधिकाबाई दोघांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत मागून चालायच्या. काढलेला फोटो मोठा करून ज्याचा त्याला पोचवायचा, हा मात्र घाडींचा नेम होता. टपालाने, कुरियरने, जवळ असेल तर स्वतः जाऊन. त्या नेमानेच पुढे त्यांचा घात केला.

झालं असं की तळमजल्यावरचे दिनानाथ राऊत गेले. सोसायटीच्या सहलीत वसई किल्ल्यात घाडींनी त्यांचा झकास फोटो काढला होता. दोन दिवसांनी नाक्यावर भाजीला गेले, तर समोर भलामोठा बॅनर. 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली राऊत, किल्ल्यातलं तेच हसू हसणारे. घाडींना वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. आपला फोटो एवढा मोठा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

त्यानंतर भुईगावच्या जुलियाना मावशी. वाडीतल्या मोगऱ्याचे गजरे ओवत बसलेल्या असताना राधिकाबाईंनी त्यांना बोलतं केलं होतं. गावच्या वळणावर, क्रुसाशेजारी, त्याच मावशी बॅनरवर दिसल्या. 'प्रभू त्यांच्या आत्म्यास शांती देवो.' घाडींनी रिक्षा थांबवली नाही. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

मग एके दिवशी अहमदाबादहून मोबाईलवर निरोप आला. पोळमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या गल्लीतल्या, एका पतंगवाल्याच्या मुलाचा. "बापूजी नहीं रहे. फोटो आपवाला ही रखा है." सोबत चित्र होतं. चंदनाचा हार, उदबत्ती, आणि हारामागे घाडींच्या कॅमेऱ्याने टिपलेला म्हातारा, मिशीतल्या मिशीत हसणारा. घाडींनी मोबाईल पालथा ठेवला. विरारपुरतं काय ते असतं तर त्यांनी योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. हे तर त्यांच्या मागोमाग गाडीत बसून परमुलखात जाऊन आलं होतं.

म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढले तर त्यातली काही जाणारच, हा साधा हिशेब घाडींना कळत नव्हता असं नाही. जन्म विमा कचेरीत गेला होता माणसाचा. पण भीतीला हिशेब दाखवून ती जात असती तर काय हवं होतं! त्यांचे आजोबा मालवणकडे देवळात गाऱ्हाणी घालायचे, आणि असल्या खुळचट गोष्टींची टर उडवण्यात घाडींचं तारुण्य गेलं होतं. आता साठी उलटल्यावर तेच घाडी कॅमेऱ्याकडे असे बघू लागले की जणू बॅगेत साप आहे. त्यांनी माणसांचे फोटो बंद केले. म्हैसूरला गेले आणि बंद दारांचे फोटो घेऊन परत आले.

"माणसं कुठे गेली हो तुमच्या फोटोतली?" राधिकाबाईंनी विचारलं.

"ऊन फार होतं," घाडी म्हणाले. राधिकाबाईंनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

त्याच सुमारास राधिकाबाईंना जिना चढताना दम लागू लागला. आधी वय म्हणून, मग वजन म्हणून, मग ऊन म्हणून तो ढकलला. शेवटी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचा व्हॉल्व्ह निकामी होत आलाय, बदलायला हवा, आणि लवकर. घाडींनी तपासण्यांची फाईल परत पहिल्या पानापासून चाळायला घेतली. राधिकाबाईंनी मात्र डॉक्टरांना विचारलं की व्हॉल्व्ह देशी असतो का बाहेरचा.

घरी येऊन त्या चहा टाकता टाकता म्हणाल्या, "अहो, माझा एक धड फोटो काढा बरं."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? काही झालं तर तुम्ही आणि उन्नती माझा आधार कार्डावरचा फोटो लावाल भिंतीला. त्यात मी चेन चोरताना पकडलेल्या बाईसारखी दिसते."

एरवी घाडी हसले असते. आता हसू आलं नाही. मुलूख पालथे घातले, शेकडो अनोळखी तोंडं टिपली, आणि स्वतःच्या बायकोचा एक चेहरा नीट काढलेला नाही, हे त्यांना तेव्हा ध्यानात आलं. ती कायम त्यांच्या बाजूला असायची ना. समोर कधी आलीच नाही.

आणि आता समोर येत होती, तर काढायची छाती नव्हती. त्यांनी सबबी सुरू केल्या. आज उजेड नाही. आज बॅटरी उतरलीय. लेन्स साफ करायला दिलीय. राधिकाबाई दर वेळी "बरं" म्हणत. बाई शाळामास्तरीण, सबबी ऐकण्यात केस पांढरे झालेले. त्यांना कळत होतं की काहीतरी लपवलं जातंय. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी नवऱ्याला एकट्याला बोलावून काहीतरी सांगितलंय. आता त्याही घाबरल्या, पण बोलल्या नाहीत. एका घरात दोन माणसं वेगवेगळ्या भीतीने जागी राहायची आणि सकाळी एकमेकांना विचारायची, झोप लागली का.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी राधिकाबाई हटून बसल्या. "मला भुईगावला न्या. समुद्र बघायचाय. आणि कॅमेरा घ्या बरोबर."

भुईगावच्या वळणावर क्रुसापाशी रिक्षातून उतरले, तोच समोरून आलोशियस आला. जुलियाना मावशींचा मुलगा. त्याने दोघांना ओळखलं आणि हाताला धरून घरात नेलं. घाडींचा पाय उंबऱ्यात अडखळला. समोरच्या भिंतीवर येशूची तसबीर होती, आणि तिच्या खालोखाल लहानशा दिव्याच्या उजेडात जुलियाना मावशी मांडीवर मोगरा घेऊन हसत होत्या.

"तुमचाच फोटो," आलोशियस म्हणाला. "आईचा असा दुसरा नव्हता आमच्याकडं. चर्चमधल्या महिन्याच्या मिस्सेच्या कार्डावर पण हाच छापला. फादरसुद्धा बोलले, बाई आता उठून बोलेल असं वाटते."

घाडींनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. राधिकाबाईंनी फोटोकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग परत फोटोकडे. राऊतांचा बॅनर त्यांनीही पाहिला होता. पतंगवाल्याचा निरोप त्यांनीही वाचला होता.

किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली बसल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणून काढत नव्हतात होय?"

घाडींनी चपलेतली वाळू झटकली. मग एकदम म्हणाले, "मी ज्याचा काढतो ना राधिका, तो जातो." आणि साठी उलटलेला तो माणूस वाळूत बोटं खुपसून लहान पोरासारखा रडला.

राधिकाबाई आधी हसल्या. "म्हणजे डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलेलं नाही?"

"नाही."

"देवा! आणि मी रात्र रात्र जीव मुठीत धरून पडलेय." पण हसता हसता त्यांचा श्वास अडकला, त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि हसू तिथेच राहिलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मलाही भीती वाटते हो. फोटोची नाही. उद्या डोळे मिटतील ते उघडतील की नाही, त्याची."

घाडींनी त्यांचा हात धरला. मग राधिकाबाईंनी आपला हात सोडवून घेतला, घाडींच्या गळ्यातला कॅमेरा काढला आणि डोळ्याला लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"अगं काय करतेस? ठेव तो."

"इकडे बघा."

"राधिका, नको!"

पण तोवर बटण दाबलं गेलं होतं. घाडींच्या पाठीतून कळ गेली. आपल्यासाठीही आपल्याला भीती वाटते, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि त्याची लाजही वाटली.

"झालं," राधिकाबाई कॅमेरा परत त्यांच्या गळ्यात घालत म्हणाल्या. "आता जे काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी राधिकाबाईंना ऑपरेशनसाठी आत नेलं. दार बंद झालं. उन्नती बाकावर बसून मोबाईलकडे नुसती बघत होती, वाचत काही नव्हती. घाडींनी कॅमेरा बरोबर का आणला होता हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी तो चालू केला.

समुद्र तिरका आला होता. घाडींचं तोंड अर्धवट उघडं, नाक लाल, डोळे ओले. असा चेहरा त्यांनी दुसऱ्या कुणाचा काढला असता तर तो पुसून टाकला असता. पण ते डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे होते. मग त्यांना राऊत आठवले, जुलियाना मावशी आठवल्या, पतंगवाला आठवला. एकानेही घाडींच्या कॅमेऱ्याकडे बघितलं नव्हतं. सगळे जरा बाजूला बघून हसत होते. सगळे राधिकाकडे बघत होते.

त्यांनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. फोटोतल्या त्यांच्या चष्म्याच्या काचेत राधिकाबाई दिसत होत्या. पदर, बांगड्या, वर उचललेले दोन्ही हात, आणि चेहऱ्याच्या जागी काळा कॅमेरा.

घाडींनी कॅमेऱ्याच्या पडद्याची काच पुसली, परत बघितलं. चेहरा नव्हताच. इतके दिवस त्यांना फोटो काढायची भीती वाटत होती. आता त्या बाकावर दुसरीच भीती येऊन त्यांच्या छातीवर बसली, आणि तिच्यापुढे पहिली काहीच नव्हती. ती आतून आलीच नाही तर? आधार कार्डावरचा फोटो! काल एवढा उजेड होता, ती समोर बसली होती, आणि आपण रडत बसलो. त्यांनी डोळे मिटून आजोबांसारखं गाऱ्हाणं घालायचा प्रयत्न केला. शब्द आठवेनात. नुसतं "बा देवा, म्हाराजा" एवढंच आलं, आणि तेच ते म्हणत राहिले.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा उन्नतीला त्यांना हलवावं लागलं. व्हॉल्व्ह बसला होता. "पण आज आणि उद्या जपून," डॉक्टर म्हणाले, आणि घाडींना त्यातलं 'जपून' तेवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी एकालाच आत सोडलं. नळ्या, तारा, पडद्यावर पळणारी हिरवी रेघ, आणि या सगळ्याच्या मध्ये राधिकाबाई, एवढ्याशा दिसणाऱ्या. डोळे अर्धवट मिटलेले. घाडी पलंगाजवळ उभे राहिले. राधिकाबाईंनी चादरीवरचा हात जरासा उचलला आणि पहिलं बोट वाकवलं. बटण दाबल्यासारखं.

घाडींनी पाठीमागे उभ्या असलेल्या कॅथरिन सिस्टरकडे बघितलं. आत मोबाईल काढायची मनाई होती, भिंतीवर तसं लिहिलेलंच होतं. सिस्टरने लिहिलेल्याकडे बघितलं, पेशंटच्या वाकलेल्या बोटाकडे बघितलं.

"एकच हां काका. लवकर."

घाडींनी खिशातून मोबाईल काढला. पडद्यात बायकोचा चेहरा आला. हिरवी रेघ पळत होती. आता दाबलं आणि ती थांबली तर? त्यातून राधिकाबाई थकून छताकडे बघत होत्या. डोळ्यांत काही नव्हतं. असल्या वेळी समोरच्या माणसाला खुलवायला त्यांच्याजवळ नेहमी कुणीतरी असायचं.

घाडी मोबाईल धरून थोडे पुढे वाकले.

"काय हो," ते म्हणाले, आणि आवाज चिरकला, "माहेर कुठलं तुमचं?"

राधिकाबाईंची मान हळूच वळली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, आणि कोरडे ओठ एका बाजूला हलले. "देवगड," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

घाडींनी बटण दाबलं. मग लगेच पडद्यावरच्या रेघेकडे बघितलं. ती पळत होती. अजून बघितलं. पळतच होती. सिस्टरने त्यांच्या दंडाला धरून बाहेर आणलं तेव्हा कुठे त्यांनी मोबाईल उघडला.

हात थरथरल्यामुळे फोटो हलला होता. नाकातली नळी तेवढी स्पष्ट, बाकी सगळं पुसट. उन्नती डोकावून म्हणाली, "बाबा, हा तर वाया गेला."

"असू दे," घाडी म्हणाले. असला फोटो कुणी बॅनरवर लावत नाही.