बोंबलांचं मैदान आणि नकाशातली मोकळी जागा

बाबा एका छोट्या बंदराच्या नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याला होते. माझी चौथीपर्यंतची शाळा तिथेच झाली. यंदा थंडीत एकदा जाऊन यायचं ठरवलं आणि शनिवारी पहाटे नाशिक सोडलं. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मग महामार्ग ओलांडून किनारा. घाटातला रस्ता अरुंद आहे. पेट्रोल जव्हारलाच भरून घ्या. गावाचं नाव देत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही.

उतरले आमच्या जुन्या शेजारणीकडे, हंसामावशीकडे. ती बोंबील वाळवून विकते. वरची खोली आता पर्यटकांना देते. दोन्ही वेळच्या जेवणासह माणशी हजार. ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, चव तीच.

दुपारी मावशीबरोबर बोंबील वाळवायच्या मैदानावर गेले. बांबूंच्या रांगा, त्यांवर ताणलेले दोर आणि दोरांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या बोंबलांच्या जोड्या. नगरसेवक भूपेशदादा स्कूटरवरून आला. म्हणाला, नगरपरिषदेला इथे पार्किंग करायचंय, हरकती सोमवारपर्यंत द्यायच्या.

“गाड्यांना जागा झाली की पर्यटक वाढतील, घरपट्टी वाढेल, रस्ते होतील. मावशी, तुझीही खोली भरेल.”

“खोली भरेल रे. बोंबील कुठं वाळवू, तुझ्या गच्चीवर?”

“गच्ची आईनं आधीच वाळवणानं अडवलीय!”

तिघेही हसलो. मग त्याने मोबाइलवर नकाशा दाखवला. मैदानावर लिहिलं होतं, ‘मोकळी जागा’.

“मोजणी कधी झाली?” मी विचारलं.

“पावसाळ्यात.”

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बांबू उतरवून ठेवलेले असतात. नकाशे करणं हे माझंच काम. मोजणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं, तो चुकीच्या ऋतूत आला होता.

संध्याकाळी मावशीची हरकत लिहायला बसले. सोबत नकाशा जोडायचा होता. प्रत्येक रांगेवर ती वापरणाऱ्या घराचं नाव टाकलं की दावा पक्का होईल, असा माझा हिशोब.

“तुझी रांग कुठली, मावशी?”

“यंदा कुंपणाकडची. वारा नाय तिथं.”

“यंदा म्हणजे?”

“नारळी पुनवेनंतर चिठ्ठ्या टाकतो ना गो. वाऱ्याची जागा दरसाल एकालाच कशाला? तू नावं छापलीस, तर मी जन्मभर कुंपणालाच!”

रांगांवर नावं टाकलीच नाहीत. मैदानाभोवती एकच रेघ ओढली आणि आत लिहिलं, ‘मासळी वाळवण्याची सामाईक जागा’.

रविवारी परतले. हरकत मावशीने सोमवारी स्वतः नेऊन दिली. गुरुवारी तिचा फोन आला: आधी परत मोजणी, तीही बांबू उभे असताना; पार्किंगचं त्यानंतर. जागा वाचली असं म्हणता येत नाही. पण ती आता मोकळीही म्हणता येणार नाही.

नाशिकला आल्यापासून एक गोष्ट डोक्यात आहे. माझ्या आठवणीत मावशी कायम समुद्राकडच्या, भरपूर वाऱ्याच्या रांगेत उभी असते, पदर उडतोय. ती जागा तिला एखाद्याच वर्षी मिळाली असणार. मी नेमकं तेच वर्ष जपून ठेवलं.