गुरुवारपर्यंतचं लायसन्स

मस्कतच्या वादी कबीरमधल्या शाळेबाहेर रोज सकाळी ज्या खाजगी गाड्या मुलं उतरवतात, त्यांत दयानंदची गाडी ओळखणं सोपं होतं. सगळ्यात हळू येणारी, ती त्याची. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमत, पण हा पठ्ठ्या आपला वेग सोडत नसे. मुलांना त्याची लाज वाटे. आयांना मात्र नेमका म्हणूनच तो हवा असे. "दयानंदभाऊ आहेत म्हणून मला घोर नाही," असं मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या विद्यावहिनी चारचौघींत सांगायच्या. त्यांच्या वाट्याचा घोरही दयानंदच वाहत होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वेंगुर्ल्याकडचा हा माणूस तीन वर्षं ओमानमध्ये कागदांशिवाय राहत होता. त्याआधी तो सहम गावात एका म्हाताऱ्या अर्बाबच्या दुकानात ड्रायव्हर होता. अर्बाब म्हणजे मालक, आणि हा मालक देवमाणूस. तो वारला, मुलांनी दुकान मोडलं, दयानंदच्या रेसिडेंट कार्डाची मुदत कुणी वाढवली नाही. पासपोर्ट त्यांच्याच घरात कुठेतरी हरवला. वाट बघून बघून दयानंद मस्कतला निघून आला, तेव्हा मुलांनी 'पळाला' म्हणून तक्रार नोंदवली आणि हात झटकले.

त्याच्याकडे उरलं एकच खरं कागदपत्र, ते म्हणजे लायसन्स. २००५ साली काढलेलं, दहा वर्षांचं. तिथली ड्रायव्हिंगची परीक्षा म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारी. पत्र्याच्या पिंपांमधून गाडी उलटी न्यायची, पिंपाला नुसती लागली तरी घरी जा. दयानंदने तीनदा पिंप पाडलं. चौथ्यांदा पास झाला तेव्हा अर्बाबने अख्ख्या दुकानाला हलवा वाटला होता.

दर वर्षी शाळा सुरू झाली की आया त्याच्याकडून लायसन्सचा फोटो मागून घेत. कार्ड एकीनेही मागितलं नाही. लायसन्स आहे म्हणजे कार्ड असणारच, इतकं सरळ गणित. सगळा जन्म कागद जागच्या जागी असलेल्या माणसांनाच अशी चूक जमते. त्या चुकीच्या आडोशाला दयानंदने तीन वर्षं काढली.

आता २०१५चा नोव्हेंबर संपत आला होता आणि सव्वीस तारखेला, गुरुवारी, लायसन्सची मुदत संपत होती. नवीन करायला गेलं की आधी कार्ड मागणार, संगणकात तक्रार दिसणार, खेळ खलास. बिनकागदी माणसांना शिक्षा न करता घरी जाऊ देण्याची सवलत त्या वर्षी सुरू होती, पण गेलं की परत येणं नाही. गावी आकांक्षाचं, त्याच्या मुलीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. आणखी सहा महिने मिळाले तर तिचं निभावणार होतं. महिनाभर तो रोज तारीख बघत होता आणि त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

गुरुवारी सकाळी वादी अदैच्या चौकात पोलिसाने हात दाखवला. मागच्या सीटवर चार मुलं, पुढे विद्यावहिनींची आठ वर्षांची उर्वी. त्याने लायसन्स आणि गाडीचे कागद पुढे केले. गाडी गॅरेजवाल्या रमणच्या नावावर होती, तिचं सगळं चोख होतं. पोलिसाने लायसन्स उलटसुलट पाहिलं. कार्ड मागतो की काय, या धास्तीने दयानंद त्याच्या हातांकडे बघत राहिला.

"आज खलास," पोलीस म्हणाला. "नवीन कर. उद्या गाडी नाही."

"इन्शाल्ला," दयानंद कसाबसा बोलला.

पोलिसाने मुलांकडे पाहून हात हलवला आणि त्यांना जाऊ दिलं.

"काका, तुझा लायसन्स आज फिनिश होतो?" उर्वीने विचारलं.

"होय गो बाय."

"मग मी मम्माला सांगते."

तिने सांगितलंच. संध्याकाळी पाच वाजता विद्यावहिनींचा फोन आला. आवाजात नुसती माया. "भाऊ, सांगायचं नाही का? उर्वीच्या बाबांच्या ऑफिसात ही कामं करणारा माणूस आहे. रविवारी करून देईल. तुम्ही फक्त रेसिडेंट कार्डाचा फोटो पाठवा."

पोलिसाच्या हातून सुटलेला माणूस या मायेत सापडला. दयानंदला थापा सुचेनात, आणि खरं म्हणजे थापांचा त्याला वीट आला होता.

"कार्ड नाही, वहिनी. तीन वर्षं झाली."

मग त्या म्हणाल्या, "आणि माझी मुलगी रोज तुमच्या गाडीत बसत होती?"

त्या चिडल्या, दुखावल्या, थोड्या रडल्याही. दयानंदने सगळं ऐकून घेतलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. शेवटी त्यांचा आवाज खाली आला.

"सोमवारपासून उर्वीची परीक्षा आहे. तिचे बाबा कामासाठी सोहारला गेलेत. दुसरी गाडी मिळायला आठ दिवस लागतील. तेवढे दिवस या. मी कुणाला बोलणार नाही, नंतरही नाही. तीन वर्षं कुणाला कळलं नाही, मग आता काय कळणार?"

सहा महिने आपणहून दाराशी चालून आले होते. आठ दिवसांचे पंधरा होतील, पंधराचा महिना, आणि विद्यावहिनी तोंड उघडणार नाहीत. आकांक्षाचा चेहरा समोर आला आणि दयानंदला हो म्हणावंसं वाटलं, मनापासून वाटलं. त्याने खिशातून लायसन्स काढून फोटोतल्या दहा वर्षांपूर्वीच्या दयानंदकडे पाहिलं.

"तीन वर्षां माझ्या खिशात लायसन होता, वहिनी," तो म्हणाला. "उद्यापासून नाय. पोरांका घेऊन तसा चालवचंय नाय."

त्याने फोन ठेवला. मग त्याने त्यांना निरोप पाठवला: नवीन ड्रायव्हरला सांगा, उर्वीला पुढे बसवा, वळणांवर तिला मळमळतं.

रविवारी सकाळी, मुलं शाळेत पोचायच्या वेळी, तो रुवीतल्या एका कार्यालयाबाहेर सवलत घेऊन घरी जाणाऱ्यांच्या रांगेत उभा होता. खिडकीमागच्या माणसाने पासपोर्ट मागितला. नव्हता. कार्ड? नव्हतं. ओळख पटेल असं काहीतरी? दयानंदने लायसन्स सरकवलं.

"ये तो गुरुवार को खतम हो गया," तो माणूस म्हणाला, आणि मान वर करून त्याने संशयाने विचारलं, "यहाँ तक गाडी चलाके आये?"

"नहीं साब," दयानंद म्हणाला. "चलके आया."