पहिल्या बाकावरच्या काकू

लेक्चर रद्द झालं की अख्खा वर्ग खूश व्हायचा आणि काकू हिरमुसायच्या. फळ्यावर 'आज तास नाही' हे शब्द उमटले रे उमटले, की आम्ही कॅन्टीनमध्ये आणि काकू वही घेऊन स्टाफरूमच्या दारात. जे सर मोकळे दिसतील त्यांना त्या विचारायच्या, "सर, तुम्ही काही शिकवता का? काहीही चालेल." एकदा त्यांच्या तावडीत कॉमर्सचे सर सापडले आणि त्या भल्या माणसानं आमच्या वर्गात येऊन विम्यावर तासभर शिकवलं. त्या दिवशी वर्गानं काकूंशी अबोला धरला. काकूंच्या ते लक्षातही आलं नाही, त्या विम्यातच रमल्या होत्या.

पालघरच्या कॉलेजात आम्ही बीएला बरोबर होतो. मी चिंचणीहून निघून बोईसरला एसटी बदलायचे, तिथेच काकू भेटायच्या. मी नुकतीच बारावी झालेली, त्या चाळिशी ओलांडलेल्या. माहेर-सासर दोन्ही जळगावकडचं. काका एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर होते. लग्न ठरलं म्हणून काकूंची शाळा आठवीतच सुटली होती. मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी केली, मग बारावी. पुढे एक दिवस साडीला नीट पिना लावून त्या कॉलेजात आल्या, तेव्हा नव्या मॅडम समजून सगळा वर्ग उभा राहिला. काकूंनी सगळ्यांना हात जोडले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. मागे आमच्यात या म्हटलं तर म्हणाल्या, "मागं बसायला मी काय एसटीत चढले का?"

आमच्या चिंचणीच्या घरात त्यांचा विषय निघाला की आईचा एकच प्रश्न असायचा. "या वयात शिकून तिला काय नोकरी मिळणार हाय?" आईचंही खोटं नव्हतं. वाडीत दिवसभर राबून तिनं मला कॉलेजात घातलं होतं ते ऑफिसात खुर्ची मिळावी म्हणूनच, आणि मीही त्याच हिशेबानं जात होते. मी काकूंना सरळ विचारलं, "बीए होऊन काय करणार तुम्ही?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "काय करणार म्हणजे? बीए होणार," त्या म्हणाल्या आणि डब्यातली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

समाजशास्त्र हा त्यांचा जीव की प्राण. सर तसे कडक, पण काकूंपुढे त्यांचं फार चालत नसे. एकदा एकत्र कुटुंबपद्धतीचे फायदे लिहून देत होते. जिव्हाळा, सहकार्य, सुरक्षितता, सगळं ओळीनं चाललं होतं. काकूंनी लिहिता लिहिता हात वर केला. "सर, पुस्तकातलं एकत्र कुटुंब फार गुण्यागोविंदानं राहून राहिलं. स्वयंपाक कोण करतं, तेवढं लिहिलेलं नाही." वर्ग फिस्सकन हसला. सरही हसले, मग खडू खाली ठेवून म्हणाले, "तोटे आपण उद्या घेऊ."

स्थलांतराचा धडा झाला त्या दिवशी मात्र काकू हात वर न करता नुसतं लिहून घेत होत्या. माणसं गाव का सोडतात, कारखान्यांभोवती वस्त्या कशा वाढतात, मागे कोण उरतं, असं सर सांगत होते. बोईसरच्या निम्म्या घरांची गोष्ट होती ती. परतीच्या एसटीत काकूंनी वही उघडून तो धडा पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "मला वाटे वं पोरी, हे माझं नशीब आहे. नवरा इकडं, सासू तिकडं, मी मधी. याला तर नाव आहे. कुणीतरी बसून याचा विचार केलेला आहे." थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "नाव कळलं की हलकं वाटतं." शिक्षणाचा उपयोग काय यावर मी पुढे बरीच भाषणं ऐकली. मला अजून काकूंचं ते वाक्यच पुरतं.

शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. काकांची नोकरी सुटण्यासारखी नव्हती, मुलाची नवी होती. जायचं कोणी, यावर त्या घरात चर्चासुद्धा झाली नसावी. काकू सामान बांधून बोईसर स्टेशनवर उभ्या होत्या आणि मी निरोप द्यायला गेले, तर त्या रडत नव्हत्या, मला कामं सांगत होत्या. "रोज तासाला बस. काय शिकवलं ते संध्याकाळी फोनवर सांग. परीक्षेला मी येणारच आहे."

झालं, मी अडकले. तोवर मी वर्गात देहानं बसायचे, आता कान देऊन बसायला लागले. कारण सांगायचं तर आधी आपल्याला कळायला हवं, आणि काकू तर वकिलासारख्या उलटतपासणी घ्यायच्या. गावी घरात रेंज नव्हती. सासूबाईंना भरवून झालं की त्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, चढून फोन लावायच्या. मी तेव्हा चिंचणीच्या एसटीत असायचे. कुटुंबसंस्था, जातिव्यवस्था, लोकसंख्या, सगळं मी त्या गाडीत मोठ्यानं शिकवलं. बाजार उरकून परतणारी एक कोळीण मावशी नेहमी शेजारी बसायची. एकदा फोन लागला नाही म्हणून मी गप्प होते, तर मावशीनं कोपरानं ढोसलं. "आज तुज्या सरानं काय शिकवला नाय काय गो?" मग त्या दिवशीचा तास मी तिला सांगितला.

काकू बोईसरला परत राहायला आल्या नाहीत. काकाही पुढे नोकरी संपल्यावर खोली सोडून गावी गेले. मला डिग्रीवर इथंच एका ऑफिसात खुर्ची मिळाली, आईच्या मनासारखं झालं. पण संध्याकाळी एसटीत बसले की आज ऐकलेलं काहीतरी कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि ऐकायला कोणी नसतं. आता आमचा फोन सणासुदीला होतो. फार आठवण येते त्यांची, आणि सगळ्यात जास्त येते परीक्षेच्या पहिल्या दिवसाची.

काकूंनी परीक्षेसाठी गाडीचं तिकीट काढून ठेवलं होतं. तेवढे दिवस नणंद सासूबाईंजवळ येऊन राहणार होती. ऐन वेळी नणंदेच्याच घरी आजारपण निघालं आणि ती येऊ शकली नाही. काकूंनी आदल्या संध्याकाळी एवढंच सांगितलं, "माझं जमत नाही. तू नीट लिही." त्यांचा नंबर माझ्या पुढच्याच बाकावर पडला होता. पहिला पेपर समाजशास्त्राचा. त्या रिकाम्या बाकाकडे बघत मी कसाबसा लिहिला.

बाहेर येऊन कॉलेजच्या पायरीवर बसले आणि फोन केला; काकू धाब्यावर वाटच बघत होत्या. पुढच्या वर्षी बसा, असं काहीसं बोलायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. आज माझा पेपर आहे. प्रश्न वाच."

मी पहिला प्रश्न वाचला. काकूंनी घसा साफ केला आणि व्याख्येपासून सुरुवात केली. खालून भांड्यांचा आवाज येत होता, मधेच बकरी ओरडत होती, काकू मुद्द्यामागून मुद्दा सांगत होत्या. काही चुकत होतं, काही मी लिहिलं होतं त्याहून बरं होतं. मी प्रश्न वाचत गेले, त्या उत्तर देत गेल्या. स्थलांतराचे परिणाम आले तेव्हा त्यांनी पुस्तकातले सगळे सांगितले आणि वर म्हणाल्या, "आणखी एक. गडी कारखान्यात राहतो, आणि मागं राहिलेल्यांचं बघायला बाईला परत पाठवतात. हेही स्थलांतरच. हे पुस्तकात नाही, पण मी लिहिणार."

"लिहा," मी म्हटलं.

तेवढ्यात खालून सासूबाईंची हाक आली. काकू घाईघाईनं म्हणाल्या, "त्यांना पाणी पाजून येते. एक प्रश्न राहिला आहे ना? पेपर काढून घेऊ नको, हां."

मी फोन कानाला लावून बसून राहिले. मुलं केव्हाच पांगली होती, शिपाईकाका किल्ल्या घेऊन गेट लावायला निघाले होते. मला बघून म्हणाले, "पेपर संपला ना गो, चल आता."

मी म्हटलं, "थांबा काका, अजून एक जण लिहितंय."