खंडेनवमीच्या ट्यूबा

आमच्या लॅबमधून पेपर कमी निघतात, पण किस्से मात्र पोत्यानं! उंदरांच्या संगतीत चार वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार?

आमची सुवर्णा नेसरीची. चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिबारीक कण, पोटात गेले की रक्ताचं आणि डीएनएचं काय होतं, हा तिच्या पीएचडीचा विषय. कारण घरातलंच. तिची आई गुडघ्यांसाठी रोज ‘नॅनो चांदीचं पाणी’ घ्यायची. कुणा पावण्यानं बाटली भरून आणून दिलेलं!

"आई, बंद कर की ते!" सुवर्णा फोनवर ओरडायची.

"आधी तुझ्या उंदरास्नी काय हुतंय ते बघ, मग मला सांग!"

*

एकदा डोस पाजताना उंदीर तिला कडकडून चावला. मी म्हटलं, "अगं, आज सुट्टी घे."

बोटाला पट्टी गुंडाळत ती म्हणाली, "त्येनं घेतलीया व्हय?"

*

डीएनए तुटला की मायक्रोस्कोपखाली पेशीला धूमकेतूसारखी शेपटी दिसते. या स्लाइड अंधारातच करायच्या, कारण उजेडानंही डीएनए तुटतो. नेमकी खंडेनवमी आली. आमचे सर मशिनांच्या पूजेला हळदकुंकू, झेंडू घेऊन आत शिरले आणि खटाखट सगळ्या ट्यूबा लावल्या!

"सर, स्लाइड!"

"अगं, देवाला अंधारात ओवाळायचं कसं?"

परिणाम? नुसतं पाणी प्यायलेल्या उंदरांच्या पेशींनाही शेपट्या! सगळ्या कामावर पाणी पडलं. सर पुढे कितीतरी दिवस तिची नजर चुकवत होते. सुवर्णानं पहिल्यापासून सुरुवात केली आणि दारावर पाटी लावली : ‘देवानंही विचारून आत यावं.’

*

या खेपेला निकाल स्वच्छ आला. चांदी पाजलेल्यांनाच लांब शेपट्या. तिनं आईला फोटो पाठवला.

"ते उंदीर हाईत. मी काय उंदीर हाय व्हय?"

"मग तुझं रक्त दे!"

"घे की!"

सुवर्णा नेसरीला जाऊन आईचं रक्त घेऊन आली. तुलनेसाठी गडमुडशिंगीहून माझ्या आईचं घेतलं, दोघी एकाच वयाच्या. नावं झाकून स्लाइड तपासल्या, मग उघडल्या. शेपट्या तिच्या आईच्या पेशींना होत्या.

सुवर्णाचा चेहरा उतरला.

"उजेड लागला असणार," ती म्हणाली. "परत करूया."

सर दारातच उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "सुवर्णा, या वेळी ट्यूब मी लावली नव्हती."

ती उठली. पर्स खांद्याला लावली.

"हे बघ," सर घाईनं म्हणाले, "एका बाईच्या रक्तावरून काही सिद्ध होत नाही."

"सिद्ध न्हाय करायचं, सर. आईकडची बाटली काढून आणायची हाय!"